पाळीची पोटदुखी: गोळी घ्यायची तर नेमकी कशी?

तुळसवृंदावन | सोमवार, रात्री ९.४०

मुलगी सतरा वर्षांची, बारावीला, पुण्यात हॉस्टेलवर असते. गेल्या मंगळवारी रात्री अकराला तिच्या रूममेटचा फोन आला. "काकू, हिला सारख्या उलट्या होतायत, पोट दाबून बसलीय." पहाटेच्या पहिल्या एसटीने साताऱ्याहून निघाले. मी पोचेपर्यंत मुलींनीच तिला जवळच्या दवाखान्यात नेलं होतं.

डॉक्टरांनी तिला विचारलं, काल दिवसभरात काय काय घेतलंस? सकाळी नुसत्या चहावर मेफ्टाल स्पास. दुपारी क्लासमध्ये मैत्रिणीने दिलेली कॉम्बिफ्लाम. संध्याकाळी परत मेफ्टाल स्पास. रात्री डोकं ठणकायला लागलं म्हणून पाण्यात विरघळवून डिस्प्रिन. आणि जेवण? दुपारी दोन घास पोहे. डॉक्टर म्हणाले, "नावं तीन आहेत बाळा, पण तिन्ही एकाच घराण्यातल्या."

जठराला सूज होती. पाच दिवस पथ्य आणि औषध, आता बरी आहे. मला मात्र चैन नाही. ती स्ट्रिप मीच तिच्या बॅगेत टाकली होती. पॅड, गरम पाण्याची पिशवी, जुनी चादर, सगळं आठवणीने दिलं. गोळी कशी घ्यायची याबद्दल चकार शब्द बोलले नाही, कारण मलाही कुणी सांगितलं नव्हतं. वहिनीने मला दिली, मी लेकीला दिली.

इथे डॉक्टर आणि फार्मसीवाले बरेच आहेत. कुठली, किती, किती तासांनी, कशाबरोबर नको, आणि कुठलं दुखणं गोळी घेऊन दडपू नये, हे नीट सांगाल का? मला ते कागदावर लिहून तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचं आहे.

फिरस्ती | सोमवार, रात्री ९.५५

वाचतेय. माझी चौदाची आहे, हाच प्रश्न उद्या माझ्या दारात येणार.

मेडिकल_काउंटर | सोमवार, रात्री १०.३०

ताई, कोल्हापुरात माझं मेडिकल आहे, एकोणीस वर्षं झाली.

दुकानात मुली येतात, मागे कुणी ओळखीचं नाही ना बघतात आणि हळूच म्हणतात, "पाळीची गोळी द्या." या एका वाक्यात तीन वेगळी औषधं बसतात. एक दुखण्याची. दुसरी पाळी पुढे ढकलण्याची, गणपतीच्या आणि लग्नाच्या दिवसांत जिला फार मागणी असते. ती नॉरएथिस्टेरॉन, म्हणजे हार्मोन. ती दुखणं थांबवायला घ्यायची नसते, आणि रक्तात गुठळी होण्याचा त्रास झालेल्या बाईला तर चालतच नाही. तिसरी जास्त अंगावरून जात असेल तर घ्यायची. गर्दीच्या वेळी काउंटरवरचा नवा पोरगा यातली कुठलीही पुढे सरकवू शकतो. म्हणून "पोटात दुखतंय त्यासाठी" हे शब्द मोठ्याने उच्चारा. लाजायचं काही कारण नाही, आम्ही दिवसातून वीस वेळा ऐकतो.

आता स्ट्रिपच्या मागे काय लिहिलेलं असतं ते. मेफ्टाल स्पासमध्ये मेफेनामिक ॲसिड २५० मिलिग्रॅम आणि डायसायक्लोमिन १० मिलिग्रॅम. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. सायक्लोपाममध्ये डायसायक्लोमिन आणि पॅरासिटामॉल. ब्रुफेन म्हणजे नुसतं आयबुप्रोफेन. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. साधी क्रोसिन किंवा डोलो म्हणजे नुसतं पॅरासिटामॉल. मेफेनामिक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही सगळी एका घरातली भावंडं. यातली दोन एका वेळी घेतली तर दुखणं दुपटीने कमी होत नाही, जठर आणि मूत्रपिंडावरचा भार मात्र वाढतो. तुमच्या लेकीचं तेच झालं.

एक फसवी जागा आणखी आहे. अंगावरून जास्त जातं म्हणून ट्रॅनेक्झामिक ॲसिडची गोळी लिहून देतात. तिच्या नावापुढे 'एमएफ' अशी अक्षरं असतील तर आत मेफेनामिक ॲसिड आधीच आहे. त्यावर आणखी मेफ्टाल घेणाऱ्या बायका मी दर महिन्याला थांबवतो.

आणि विनंती. दोन गोळ्या कात्रीने कापून मागू नका. कापलेल्या तुकड्यावर कधी नाव नसतं, कधी एक्स्पायरी. तो तुकडा पर्समध्ये सहा महिने पडतो आणि मग मैत्रिणीला दिला जातो. दहाची पूर्ण स्ट्रिप घ्या. मेफेनामिकच्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ असते. त्या रेघेचा अर्थ, कायद्याने हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचं औषध आहे. आपल्याकडे ते सर्रास तसंच मिळतं म्हणून ते चॉकलेट-गोळीसारखं वाटायला लागलंय. निदान पहिल्यांदा तरी डॉक्टरला विचारून सुरू करावं.

निळी_छत्री | सोमवार, रात्री ११.१०

सगळ्यांचा मान राखून लिहिते. माझ्या पिढीत कुणी गोळी घेतली नाही. आई ओव्याचा काढा द्यायची, पोटावर शेक द्यायची, पाय जवळ घेऊन पडायचं. या गोळ्यांनी पिशवीवर परिणाम होतो आणि पुढे दिवस राहायला अडचण येते असं ऐकलंय. लग्न झालं, बाळंतपण झालं की दुखणं आपोआप थांबतं.

ओपीडी_सोलापूर | मंगळवार, सकाळी ६.५०

काकू, तुमची काळजी समजते. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, हा प्रश्न मला जवळजवळ रोज एखादी आई विचारते. महिन्यातून दोन-तीन दिवस योग्य मात्रेत घेतलेल्या गोळीने गर्भाशयाला इजा होत नाही आणि वंध्यत्व येत नाही. पाळीचं दुखणं बाळंतपणानंतर काहींचं कमी होतं, काहींचं होत नाही. सतरा वर्षांच्या मुलीला आणखी आठ-दहा वर्षं थांब म्हणणं हा काही उपचार नव्हे. शेक मात्र तुमच्या आईचा अगदी बरोबर. उबेने आवळलेला स्नायू सैल होतो आणि चाचण्यांमध्येही शेकाचा चांगला उपयोग दिसला आहे. गोळीबरोबर शेक जरूर घ्यावा. गरम पाण्याच्या पिशवीला टॉवेल गुंडाळा, थेट कातडीवर नको. भाजून आलेल्या मुली पाहिल्या आहेत.

दुखतं का, ते कळलं की गोळी कधी घ्यायची ते आपोआप कळतं. पाळी येताना गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात. त्यांनी गर्भाशयाचा स्नायू जोरात आवळला जातो, क्षणभर त्याला रक्त कमी पडतं, आणि कळ येते. तीच रसायनं आतड्यापर्यंत पोचतात म्हणून पहिल्या दिवशी जुलाब, मळमळ. आयबुप्रोफेन आणि मेफेनामिक ही रसायनं तयार होणं थांबवतात. जी आधीच तयार झालीत त्यांना पुसून टाकत नाहीत. म्हणून "अगदी सहन होईना, मग घेतली" ही सवय चुकीची आहे. पहिली कळ किंवा पहिला डाग दिसला की खाऊन घ्या. पाऊण-एक तास लागतो. त्या तासात घाबरून दुसरी घेऊ नका.

मात्रा. सतरा-अठराच्या पुढच्या, दुसरा काही आजार नसलेल्या मुलीला आयबुप्रोफेन एका वेळी २०० ते ४००, पुढची सहा ते आठ तासांनी, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चोवीस तासांत १२०० च्या वर नाही. म्हणजे ४०० च्या तीनच. कॉम्बिफ्लाम घेत असाल तर तीही तीनच्या पुढे नाही. मेफेनामिक ॲसिड एका वेळी ५०० पर्यंत, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, दोन ते तीन दिवस, त्यापुढे नको. पॅरासिटामॉल वेगळ्या जातीचं. ते पोटाला सौम्य, पण पाळीच्या कळेवर थोडं कमी पडतं. आपल्या बऱ्याच मुलींचं वजन चाळीस-पंचेचाळीस किलो असतं, त्यांनी ५०० चीच घ्यावी आणि दिवसात चारच्या वर जाऊ नये. कॉम्बिफ्लाम किंवा सायक्लोपाममधलं पॅरासिटामॉल त्याच हिशेबात धरायचं, ही मोजदाद बहुतेकींकडून राहते.

डायसायक्लोमिन हे मुख्यतः आतड्याच्या पेटक्यांचं औषध. त्याने तोंडाला कोरड पडते, काहींना गुंगी येते, नजर धूसर होते. पेपरच्या दिवशी पहिल्यांदाच घेऊन पाहू नका. घेतल्यावर दुचाकीही चालवू नका. काचबिंदू असलेल्यांनी आणि अंगावर पाजणाऱ्या आईने ते टाळावं.

गवतफूल | मंगळवार, सकाळी ९.१५

डॉक्टर, दोन वर्षांपूर्वी मेफ्टालवर सरकारने बंदी घातली असं व्हॉट्सॲपवर फिरत होतं. मी तेव्हापासून घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स फेकल्या.

ओपीडी_सोलापूर | मंगळवार, दुपारी १.४०

बंदी नव्हती. ३० नोव्हेंबर २०२३ ला भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनामिक ॲसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली. 'ड्रेस सिंड्रोम' नावाची ॲलर्जी त्यात नोंदली होती. ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं, यकृतावर परिणाम, आणि हे सगळं औषध सुरू केल्यापासून दोन ते आठ आठवड्यांनी दिसू शकतं. दुर्मिळ आहे, पण गंभीर आहे. गोळी घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप आणि पुरळ एकत्र आलं तर "उष्णता बाहेर पडली" म्हणून घरी बसू नका, आणि डॉक्टरला त्या गोळीचं नाव आवर्जून सांगा. औषधाचा त्रास कळवायला १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे, तिथे रुग्णही स्वतः नोंद करू शकतो.

श्वास | मंगळवार, दुपारी २.०५

मला लहानपणापासून दमा आहे. कॉलेजात असताना पाळीत कुणीतरी ब्रुफेन दिली. अर्ध्या तासात छाती आवळली, पंप घेऊनही उतरेना, रिक्षात मैत्रीण माझी पाठ चोळत होती हे अजून आठवतं. दम्याच्या काही जणांना या घराण्यातल्या गोळ्यांनी झटका येतो हे मला त्या दिवशी कळलं. हॉस्टेलमध्ये गोळ्या प्रसादासारख्या वाटल्या जातात. ताई, तुमच्या लेकीला एवढं सांगा, की कुणाला गोळी देण्याआधी "तुला दमा आहे का, आधी कुठल्या गोळीने त्रास झालाय का" हे विचारायचं.

तुळसवृंदावन | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

श्वास, तुमचं वाचून अंगावर काटा आला. तिच्या खोलीत एक मुलगी खरंच पंप वापरते.

डॉक्टर, एक विचारू? सगळे म्हणतात खाऊन घ्या. पण पहिल्या दिवशी तिला अन्नाचा वासही नको असतो. मग खाणार काय?

ओपीडी_सोलापूर | मंगळवार, रात्री १०.१५

ताटभर जेवायला नको. एक केळं, अर्धी वाटी दहीभात, दूध-पोळीचे चार घास, काहीच नसेल तर कपभर दूध आणि दोन-तीन बिस्किटं. नुसता काळा चहा म्हणजे खाणं नव्हे. वर पाणी भरपूर. उलट्या-जुलाब चालू असतील, उन्हात दिवसभर फिरणं झालं असेल आणि पाणी प्यायलं नसेल, तर या गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात. हरतालिका, नवरात्र, एकादशी, निर्जळी उपास आणि पाळी एकाच दिवशी आली तर मी सरळ सांगते की उपास सोडा नाहीतर गोळी सोडा. दोन्ही एकत्र नको.

ज्यांनी विचारल्याशिवाय घेऊच नये अशा: जठराचा व्रण किंवा रक्ताची उलटी आधी झालेल्या, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या, ॲस्पिरिनने दमा उठलेल्या, आणि ज्यांची पाळी चुकली आहे त्या. शेवटच्या गोष्टीवर थांबते जरा. पाळी लांबली, पोटात एका बाजूला दुखतंय, थोडं अंगावरून जातंय, आणि "उशिरा आली म्हणून जास्त दुखतंय" असं वाटतंय. आधी मूत्राची तपासणी करा. गर्भ नळीत राहिला असेल तर ते जिवावरचं दुखणं असतं, आणि चक्कर येत असेल तर तपासणीसाठीही न थांबता थेट दवाखाना गाठा.

आणि सोळाच्या आतल्या मुलीला ॲस्पिरिन नाही. डिस्प्रिन घरात असेलच तर आजोबांच्या डब्यात राहू द्या.

धाकटा_भाऊ | बुधवार, सकाळी ८.२०

पुरुषाने इथे लिहावं की नाही कळत नाही, पण बहिणीसाठी विचारतो. आम्ही दोघंच पिंपरीत राहतो. परवापासून तिला सणकून ताप, डोळ्यांच्या मागे दुखतंय, आणि काल पाळी आली. घरात मेफ्टाल आहे. देऊ?

ओपीडी_सोलापूर | बुधवार, सकाळी ८.३५

देऊ नका. विचारलंत ते फार चांगलं केलंत. पावसाळ्यात असा ताप म्हणजे डेंग्यू नाही हे कळेपर्यंत या घराण्यातली कुठलीही गोळी नको, रक्तस्राव वाढू शकतो. फक्त पॅरासिटामॉल ५००, वरच्या हिशेबाने, आणि शेक. आज सकाळीच रक्त तपासायला न्या. नेहमीपेक्षा जास्त अंगावरून जात असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा.

लीड्सकर | बुधवार, दुपारी ४.१०

इंग्लंडमधून लिहितेय. इथे सुपरमार्केटमध्ये आयबुप्रोफेनची सोळा गोळ्यांची पाकिटं मिळतात आणि दोनाहून जास्त पाकिटं एकदम घ्यायला गेलं तर काउंटरवर अडवतात. मेफेनामिक ॲसिड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतच नाही. मी भारतातून येताना आईने वीस स्ट्रिप्स दिल्या होत्या, त्या दाखवल्यावर इथली फार्मासिस्ट दहा मिनिटं माझ्याशी बोलत बसली. पाळीच्या दुखण्यासाठी नॅप्रोक्सेन २५० इथे फार्मासिस्टला विचारून मिळतं, पंधरा ते पन्नास वयाच्या बायकांना, आणि सलग तीनच दिवस. तिने विचारलेला एक प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता: "गोळी घेतल्यावर तू कामाला जाऊ शकतेस का?" मी नाही म्हणाले. तर ती म्हणाली, मग गोळी बदलण्याआधी तपासणी करून घे.

रानजाई | बुधवार, रात्री ११.५०

वरचा प्रश्न वाचून आज लिहायला बसले.

नववीत पाळी आल्यापासून दुखायचं. दहावीच्या मराठीच्या पेपरला बाकावर डोकं टेकवून बसले होते. एकवीसच्या वर्षी दिवसाला दोन गोळ्या, चोवीसला पाच-सहा. पाळीच्या दोन दिवस आधीपासून सुरू, संपल्यावरही दोन दिवस. एका दुकानातून एवढ्या घेतल्या तर तो विचारेल म्हणून तीन दुकानं ठरवली होती. ऑफिसात ड्रॉवरमध्ये स्ट्रिप, गाडीत स्ट्रिप, उशीखाली स्ट्रिप. शौचाला बसलं की आतून सुरी फिरल्यासारखं व्हायचं, ते तर कुणाला सांगायचीच सोय नव्हती. एका दवाखान्यात सोनोग्राफी नॉर्मल आली आणि मला सांगितलं गेलं, "तुझी सहनशक्ती कमी आहे." मी ते खरं मानलं. चार वर्षं मानलं.

मग एकदा काळीकुट्ट, डांबरासारखी शौचाला झाली. गोळ्यांनी जठरातून रक्त जात होतं. हिमोग्लोबिन सातवर. तिथल्या डॉक्टर बाईंनी पहिल्यांदा पूर्ण गोष्ट ऐकली, मला मध्ये तोडलं नाही. दुर्बिणीतून तपासणी झाली आणि निदान निघालं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, आतड्याला चिकटलेलं. तिथून खरा उपचार सुरू झाला. आज पस्तिशीत आहे, महिन्याला दोन-तीन गोळ्यांत निभतं.

म्हणून ताई, कपाटावरच्या कागदावर हेही लिहा: गोळ्यांची संख्या दरवर्षी वाढत असेल तर सांग. पाळीच्या आधीच दुखायला लागत असेल तर सांग. लघवी-शौचाला दुखत असेल तर सांग. लाजू नकोस.

ओपीडी_सोलापूर | गुरुवार, सकाळी ७.०५

रानजाई, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. एंडोमेट्रिओसिस प्रजननवयातल्या साधारण दहातल्या एका बाईला असतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि साध्या सोनोग्राफीत तो बऱ्याचदा दिसत नाही.

सहनशक्तीबद्दल बोलायलाच हवं. कॉक्रेन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात या गोळ्यांच्या ८० चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या. खोट्या गोळीने शंभरातल्या १८ जणींना बरा आराम पडला, खऱ्या गोळीने ४५ ते ५३ जणींना. म्हणजे औषध चांगलंच काम करतं, आणि तरीही जवळजवळ निम्म्या बायकांना ते पुरत नाही. या निम्म्या नाजूक नाहीत. त्यांना दुसरा उपाय हवा असतो. हार्मोनच्या गोळ्या आहेत, तपासण्या आहेत. तीन पाळ्या योग्य वेळी, योग्य मात्रेत गोळी घेऊनही शाळा-कॉलेज बुडत असेल तर या. तासातासाला पॅड भिजत असेल तर तीन पाळ्याही थांबू नका.

गोदाकाठ | गुरुवार, दुपारी ३.२०

मी बीड जिल्ह्यात आरोग्याच्या कामात आहे. आमच्याकडच्या ऊसतोडीच्या बायका हा धागा वाचणार नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने लिहिते. फडात एक दिवस खाडा झाला की उचलीतून पैसे कापले जातात. पहाटे चारला उठून, भाकरी थापायच्या आधी, उपाशीपोटी गोळी घेऊन बाई मोळी उचलायला जाते. गोळीचं नाव विचारलं तर म्हणते "पांढरी". काही वर्षांनी दुखणं वाढतं, मग कुणीतरी सांगतं पिशवीच काढून टाक. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मी आता गटाच्या बैठकीत मोकळ्या स्ट्रिप्स घेऊन जाते आणि नावं वाचायला लावते. वाचता येत नाही त्या बायका चित्रासारखं लक्षात ठेवतात. मेडिकलवाले दादा, तुमचं ते कात्रीचं मी उद्याच्या बैठकीत सांगणार आहे.

मेडिकल_काउंटर | गुरुवार, रात्री ९.००

ताई, जरूर सांगा. पांढऱ्या रंगाच्या गोळ्या माझ्या दुकानात शेकड्यांनी आहेत. रिकामी स्ट्रिप घेऊन आलं तरी आम्ही तीच गोळी ओळखून देऊ शकतो, रंगावरून नाही देता येत.

निळी_छत्री | गुरुवार, रात्री १०.४०

रानजाई, तुझं दोनदा वाचलं. माझी धाकटी बहीण अशीच होती. दर महिन्याला गडाबडा लोळायची, आणि आम्ही सगळे तिला नाटकी म्हणायचो. आज तिला फोन केला.

तुळसवृंदावन | पाच आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८.१५

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. लेकीची पाळी बुधवारी आली. सकाळी साडेसातला पहिला डाग दिसल्यावर केळं आणि दूध घेऊन आयबुप्रोफेन ४०० घेतली, वहीत वेळ लिहिली. दुसरी दुपारी अडीचला डब्यातला दहीभात खाऊन. तिसरीची गरज पडली नाही. क्लासला गेली होती, मागच्या बाकावर बसली पण गेली.

वहीत तिने स्वतःहून एक ओळ लिहिली होती, की दुखणं सोमवारीच सुरू झालं होतं. आधीच्या महिन्यांतही तसंच होतं म्हणे, मला कधी बोलली नव्हती. येत्या शुक्रवारी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे वेळ घेतली आहे, वही बरोबर नेणार आहोत.

कागद कपाटाच्या आत लावायला दिला होता. मुलींनी तो काढून खोलीच्या दाराला लावलाय. त्यावर चौघींची नावं आहेत, आणि पंपवाल्या मुलीने डॉक्टरांना विचारून येऊन आपल्या नावापुढे लाल पेनने लिहून ठेवलंय: "मला फक्त क्रोसिन."